वस्ती कोणतीही, क्वेरी एकच

समजा, भिलाईच्या खुर्सीपारमधल्या रेशनकार्डांची यादी एका डेटाबेसात आहे. काउंटरवरचा माणूस दिवसभर कार्ड नंबर टाकतो आणि दर वेळी सर्व्हरकडे नवी क्वेरी जाते. दुपारी सर्व्हर का रखडला हे शोधताना प्रत्येक क्वेरीची वेगळी नोंद पाहत बसलं, तर काहीच उमगणार नाही. विचारणा तीच असते, बदलतो फक्त नंबर.

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत हा हिशेब 'पीजी स्टॅट स्टेटमेंट्स' हे एक्स्टेन्शन ठेवतं. ते २००९ मध्ये आलं, तेव्हा नंबर बदलला की नवी ओळ धरायचं. २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून ते क्वेरीचा सांगाडा पाहू लागलं. कोणतं टेबल, कोणते कॉलम, कोणती अट यांवरून एक सांकेतिक आकडा काढायचा आणि प्रत्यक्ष मूल्यं वगळायची. आकडा जुळला की सगळं एकाच ओळीत जमा होतं. जास्तीची स्पेस किंवा कॅपिटल अक्षरं आड येत नाहीत.

याचा खरा फायदा बेरजेत आहे. २ मिलिसेकंदांची क्वेरी लाखभर वेळा चालली तर २०० सेकंद खाते; ८ सेकंदांचा रिपोर्ट पाच वेळा काढला तर ४०. आपण मात्र रिपोर्टच दुरुस्त करत बसतो.

पण 'सारखं' कशाला म्हणायचं? दोन कार्डांची यादी मागणारी आणि तीन कार्डांची मागणारी क्वेरी पोस्टग्रेस बरीच वर्षं वेगळी धरत होतं. नोंदींची डीफॉल्ट मर्यादा ५०००. ती अशा जुळ्यांनीच भरायची आणि कमी वापराच्या नोंदी बाहेर फेकल्या जायच्या. मायएसक्यूएल ही दुसरी डेटाबेस प्रणाली अशा याद्या आधीपासूनच एकत्र करत असे. पोस्टग्रेसने ते २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत केलं.

एकत्र करण्याची किंमतही मोजावी लागते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. समजा, क्वेरीत वस्तीचं नाव टाकून यादी मागितली: खुर्सीपारसारख्या दाट वस्तीची यादी काढायला हजारो ओळी वाचाव्या लागतील, लहानशा गावाची काढायला पंचवीस. नोंद मात्र एकच, आणि सरासरी छान दिसते. खुर्सीपारच्या रांगेतला माणूस त्या सरासरीत दिसत नाही. म्हणून किमान-कमाल वेळ आणि प्रमाण विचलन हे कॉलमही पाहावेत. तफावत मोठी असेल तर ठरावीक वेळेपेक्षा जास्त लागलेल्या क्वेरींचा लॉग चालू करावा. तिथे क्वेरी मूल्यासकट सापडते.