कुलपातली भूल

ऑक्टोबर २०२३मध्ये अमेरिकन अभिनेता मॅथ्यू पेरी केटामाइनमुळे गेला आणि तेव्हापासून हे भुलीचं औषध म्हणजे नशेची पावडर, एवढंच लोकांच्या डोक्यात बसलं. हे मनाला लागतं. ३ ऑगस्ट १९६४ला मिशिगनमध्ये डॉमिनो आणि कॉर्सन यांनी ते माणसाला प्रथम दिलं, १९७०मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, १९८५मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांत आलं. तोवरचा प्रवास सरळच होता.

सल आहे तो २०११नंतरच्या दशकाचा. त्या वर्षी भारताने केटामाइन अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं आणि २०१३च्या अखेरीस ‘शेड्यूल एक्स’मध्ये घातलं. वेगळा परवाना आला, चिठ्ठी दोन प्रतींत लिहिणं आलं, त्यातली एक दोन वर्षं जपणं आलं, साठा कुलपात गेला. आग्नेय आशियात तस्करी होत होती, हे खरं. बंदोबस्त हवाच होता. पण त्याची झळ कोणाला बसणार, हा विचार आधी व्हायला हवा होता. एपिडर्मोलिसिस बुलोसा हा दुर्मीळ आजार असलेल्या मुलाची त्वचा नुसत्या घासण्याने सोलवटते. चेहऱ्यावर दाबून धरलेला मास्क, नळी पक्की करायची चिकटपट्टी, दोन्ही जखमा करतात. सुई मात्र चालते, आणि केटामाइन स्नायूत टोचलं तरी भूल चढते, श्वासही बहुधा सुरू राहतो. ड्युशेन स्नायुक्षयात सक्सामेथोनियम या स्नायू सैल करणाऱ्या औषधाने रक्तातलं पोटॅशियम एकाएकी चढून हृदय थांबू शकतं, भुलीच्या वायूंनी स्नायू विरघळू शकतात. केटामाइनने यातलं काही होत नाही.

असे रुग्ण मोजके, मग पुरावाही तुटपुंजा, असा आक्षेप घेतात. मोठ्या चाचण्या इथे होणारच नाहीत. औषध शरीरात काय करतं याचं ज्ञान आणि भूलतज्ज्ञांनी नोंदवलेले अनुभव, हाच पुरावा आहे. केटामाइनने लाळ वाढते, शुद्धीवर येताना भास होतात, हृदय आधीच थकलेलं असेल तर जपून वापरावं लागतं. पण हे ओळखीचे धोके आहेत, त्यांवर उपाय करता येतात. चीनने जागतिक निर्बंधांचा आग्रह धरला तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी नकारच दिला, आणि मार्च २०१५मध्ये त्यावरचा संयुक्त राष्ट्रांचा व्हिएन्नातला निर्णय लांबणीवर पडला. आपण मात्र कुलूप आधीच लावलं होतं. दुर्मीळ आजारांसाठी मुंबईचं केईएम उत्कृष्टता केंद्र झालं, चांगलंच झालं. पण अशा मुलाचा हात गावी मोडला, तर भूल तालुक्याच्या रुग्णालयातच द्यावी लागते. तिथे केटामाइनची कुपी असायलाच हवी, आणि ती ठेवण्याची कागदपत्रं सोपी करणं सरकारच्या हातात आहे.