हातचा नसलेली संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या वाचकांनी डावीकडून वाचावी वा उजवीकडून, तिच्यात फरक पडत नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त सांगितलेल्या अठरा स्थानांपैकी सतरावे स्थान ती गाठते, परार्ध तेवढा पुढे उरतो. एवढी प्रचंड संख्या म्हणजे नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग होय.

हा चमत्कार नव्हे. गुणाकार कागदावर मांडला, तर एकांच्या नऊ ओळी एकेक स्थान डावीकडे सरकत जातात. उभ्या बेरजा एकपासून नऊपर्यंत चढतात व तशाच उतरतात. कोठेही नऊच्या वर बेरीज जात नाही, म्हणून हातचा येत नाही. येथील भातगिरणीत वह्या लिहिणाऱ्या कारकुनालाही हे क्षणात पटेल.

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिक्षक असलेले द. रा. कापरेकर अशा संख्यांच्या नादी लागले. डोंबिवली स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी यांना ‘डेम्लो’ संख्या म्हटले. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या शिक्षकाच्या ६१७४ या अंकावर मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत लिहिले, तेव्हा कोठे त्यांची कीर्ती दूरवर पोचली.

आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी संख्या, असे नाव दिले. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१. तिने भागल्यास १५२४१५७८९९७१०४१ हा भागाकार येतो व बाकी शून्य राहते. कारण सरळ आहे. नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जातो. आणि हातचा नसल्यामुळे वर्गातील अंकांची बेरीजही नऊ गुणिले नऊच राहते.

मग दहा एकांच्या वर्गाचे काय? हा प्रश्न प्रस्तुत लेखकाने गोंदियातील आपल्या वर्गात विचारला. बहुतेकांनी तोच चढउतार एक पायरी वाढवून लिहिला. काहींनी भ्रमणध्वनी काढले; त्यांच्या पडद्यावर अखेरचे अंक उमटलेच नाहीत. एका विद्यार्थिनीने मात्र कागदावर गुणाकार मांडला. मधल्या स्तंभात दहा आले, पहिला हातचा निघाला आणि उत्तर मिळाले १२३४५६७९००९८७६५४३२१. सममिती भंगली. अंकांची बेरीज ८२ झाली. विषम संख्येला ८२ ने भाग जाणार कसा? हर्षदपणही गेले!

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला यात इशारा दिसतो. नऊ वर्षे चढलेली आलेखाची रेषा दहाव्या वर्षीही चढेल, असे गृहीत धरून किती योजना आखल्या जातात, किती संसार कर्ज काढतात! नियम चालत आला म्हणून चालत राहत नाही. ज्या कारणाने तो चालतो, ते असेपर्यंतच चालतो. ते कारण शोधण्याची सवय आपल्या परीक्षा लावतात काय? सूत्र पाठ केलेला विद्यार्थी नवापर्यंत निर्धास्त जातो. दहाव्या पायरीवर त्याला सावरणारे काहीच नसते. कापरेकरांच्या हाती तरी काय होते? कागद, पेन्सिल आणि ‘असे का?’ हा प्रश्न. गावोगावच्या शाळांत एवढी सामग्री आजही आहे.