पाण्यात गुदमरणारा मासा

काठावर टाकलेला रोहू तडफडतो, तेव्हा तो बहुतांशी पोहतच असतो. पोहताना अंगाच्या दोन्ही बाजूंचे स्नायू आळीपाळीने आकसतात आणि शेपूट पाणी मागे सारते. जमिनीवर मासा कुशीवर पडतो. तेच स्नायू मग अंगाचा बाक करून एकदम सोडतात आणि मासा उसळतो. उडी कुठे पडेल, यावर त्याचा फारसा ताबा नसतो. उतार लागला तर दैव बरे.

तो मरतो ते प्राणवायू कमी पडून, पण हवेत प्राणवायू कमी म्हणून नव्हे. 30 अंशांच्या लिटरभर पाण्यात जेमतेम 7-8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो; लिटरभर हवेत तो तीसपटींहून जास्त असतो. अडते ते कल्ल्यांपाशी. त्यांच्या पातळ पाकळ्या पाण्याच्या आधारानेच पसरलेल्या राहतात. पाणी गेले की भिजलेल्या वहीच्या पानांसारख्या त्या एकमेकींना चिकटतात.

अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातून वाहणाऱ्या पूर्णेला उन्हाळ्यात धार राहत नाही, डोह उरतात. पाणी तापले की त्यातला प्राणवायू आणखी घटतो. अशा पाण्यात रोहू-कटल्याचा टिकाव लागणे कठीण. मरळ आणि मागूर मात्र तग धरतात. मरळीच्या कल्ल्यांच्या वर, डोक्यातच, रक्तवाहिन्यांनी भरलेली पोकळी असते. मागुराच्या कल्ल्यांवर झुडपासारखे फाटे फुटलेला अवयव असतो. दोघेही पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेतात. मरळीला तर ही सोय नव्हे, गरज आहे. वाढलेली मरळ पाण्याखालीच अडकून राहिली, तर पाण्यात असूनही गुदमरून मरते. बाजारात ती घमेल्यात ओंजळभर पाण्यावर जिवंत दिसते, त्याचे कारण हेच.

जमिनीवरची त्यांची चालही रोहूसारखी आंधळी नसते. मागूर छातीच्या परांतले ताठ काटे आळीपाळीने मातीत रोवतो आणि अंगाला हेलकावे देत पुढे सरकतो. मरळ सापासारखी वळवळत जाते. कोकणच्या खाजणातले निवटे याहून तरबेज. छातीच्या परांवर कुबड्या घेतल्यासारखे ते चिखलात उड्या मारतात. झाडावर चढणाऱ्या माशाची ख्याती मात्र जरा जपून घ्यावी. तरंगंबाडीला ताडावर मासा चढताना पाहिल्याची डॅल्डॉर्फ या अधिकाऱ्याची नोंद 1797 मध्ये छापून आली. ‘अ‍ॅनाबस’, म्हणजे चढणारा, असे त्या माशाचे नावही रूढ झाले. पुढच्या अभ्यासकांना मात्र पक्ष्यांनीच मासे झाडावर नेले असावेत, असा संशय आला.

हवा घेता आली तरी अंग ओले राहावेच लागते. कातडीवरचा बुळबुळीत थर वाळला की मरळ-मागूरही तगत नाहीत. म्हणून डोह आटू लागला की मरळ भर उन्हात नव्या पाण्याच्या शोधात निघण्यापेक्षा ओल्या गाळात शिरून राहते. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाणे होते ते बहुधा रात्री किंवा पावसाची झड लागून जमीन भिजल्यावर.