विश्लेषण : निळ्या प्रेमातली वर्गाची दरी

'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर' या फ्रेंच चित्रपटाला २०१३ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक अब्देलातिफ केशिश यांच्यासह दोन्ही नायिकांचाही त्याने गौरव झाला. चर्चा मात्र शरीरसंबंधांच्या दृश्यांचीच झाली. मग ॲडेल आणि एमाचे नाते तुटते कशामुळे?

निळा रंग काय सांगतो?
शाळकरी ॲडेलला रस्ता ओलांडताना निळ्या केसांची एमा दिसते आणि निळा हा ओढीचा रंग होतो. पुढे एमाचे केस सोनेरी होतात. अखेरीस एमाच्या चित्रप्रदर्शनाला ॲडेल निळा ड्रेस घालून जाते. तो रंग आता तिच्याकडेच उरलेला असतो.

दरी कुठे दिसते?
जेवणाच्या टेबलावर. ॲडेलच्या घरी स्पॅगेटी, तर एमाच्या घरी ऑयस्टर. एमाच्या घरी हे नाते उघड आहे. ॲडेलच्या घरी मात्र एमा अभ्यासात मदत करणारी मैत्रीण ठरते. चित्रकार एमाला वाटते, ॲडेलने लिहावे. ॲडेलला लहान मुलांना शिकवण्यातच समाधान आहे.

जवळीक पुरली नाही?
ॲडेलची प्रतारणा हे निमित्त. त्याआधीच्या पार्टीत एमाचे मित्र कलेवर बोलत असतात आणि ॲडेल त्यांना वाढत असते. अंतर तिथेच पडलेले असते.