गेलेलं मूल कोणत्या रकान्यात?

दिवाळीची सुट्टी संपते आणि मराठवाड्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीतली दोन-तीन मुलं परत येत नाहीत. आईवडिलांबरोबर तीही ऊसतोडीला गेलेली असतात. मुख्याध्यापकांपुढे प्रश्न उभा राहतो: नाव कमी करायचं की ठेवायचं? कमी केलं तर पट घसरतो. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, शिक्षकाचं एक पद जातं आणि कुणीतरी गुरुजी ‘अतिरिक्त’ ठरतात. मग नाव तसंच राहतं आणि कागदावर शाळेची गळती शून्य दिसते.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये हेच शून्य उलट्या वाटेने आलं. तिथल्या शार्पस्टाउन हायस्कूलने २००१-०२ या वर्षासाठी कळवलं की आमच्या शाळेतून एकाही विद्यार्थ्याची गळती झाली नाही. त्या वर्षी शाळा सोडून गेलेले विद्यार्थी होते ४६३! टेक्सासमध्ये गेलेल्या प्रत्येकापुढे कारणाचा एक सांकेतिक क्रमांक लिहावा लागे: दुसऱ्या शाळेत गेला, मायदेशी परतला, समकक्ष परीक्षेची तयारी करतो आहे. यातला कुठलाही क्रमांक टाकला की विद्यार्थी गळतीत धरला जात नसे. उपमुख्याध्यापक रॉबर्ट किम्बॉल यांनी हा प्रकार चव्हाट्यावर आणला. २००३ मध्ये राज्याने १६ शाळांतल्या सुमारे साडेपाच हजार नोंदी तपासल्या, तेव्हा जवळपास तीन हजार मुलं गळतीत मोजायला हवी होती असं निघालं. दरम्यान, या शहराच्या शाळांचे प्रमुख रॉड पेज याच ‘यशा’च्या बळावर देशाचे शिक्षणमंत्री झाले होते.

तिथल्या केंद्र सरकारने २००८ मध्ये नियमच बदलला. नववीत आलेल्या मुलांची तुकडी धरायची आणि चार वर्षांत त्यातली किती हायस्कूल डिप्लोमा घेऊन बाहेर पडली ते मोजायचं. मूल दुसरीकडे गेलं म्हणून तुकडीतून वगळायचं असेल, तर तसा लेखी पुरावा हवा. पुरावा नसेल तर ते मूल शाळेच्याच खात्यावर. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी सुधारणा ही एवढीच. बाकी समित्या आणि अहवाल आपल्याकडेही कमी नाहीत.

महाराष्ट्राने निराळा उपाय केला. आधी नांदेड जिल्ह्यात आणि मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत उभं राहू नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली. खोटा पट उघडा पडला, संस्थाचालकांची धावपळ झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पण पडताळणीने पटावर असलेली आणि वर्गात नसलेली मुलं शोधली. ती गेली कुठे, हे विचारणं तिच्या कामात नव्हतं.

आता यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी नोंद होते. त्याआधी शाळा नुसता आकडा भरत. देशाची पटसंख्या २०२१-२२ मध्ये साडेसव्वीस कोटी होती, ती पुढच्याच वर्षी सव्वापंचवीस कोटींच्या आत आली. त्यातली किती नावं दुबार होती आणि किती मुलं खरोखर शाळेबाहेर गेली, हे नुसत्या बेरजेवरून सांगता येत नाही.

शाळा सोडलेलं मूल या पोर्टलवर ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये जातं आणि नव्या शाळेने उचलेपर्यंत तिथेच राहतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, म्हणून साखर कारखान्याजवळची शाळा ऊसतोडीला आलेल्या त्या पाचवीतल्या मुलांपैकी एका मुलीला वर्गात बसवून घेते. पण गावाकडच्या शाळेने तिला पोर्टलवर सोडलेलं नसतं. फोन लावावा तर मुख्याध्यापक म्हणतात, “मॅडम, एवढी संचमान्यता होऊ द्या, मग सोडतो.” त्यात आधारवरची जन्मतारीख आणि जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख जुळली नाही, तर वर्गात रोज बसणारं मूलही संचमान्यतेच्या हिशेबातून बाहेर राहू शकतं.

मार्चच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडे परततात. तोवर त्या मुलीची चार-पाच महिन्यांची हजेरी कुणी धरायची, यावर दोन्ही शाळांचे केंद्रप्रमुख एकमेकांना पत्र पाठवत असतात.