46 सेकंदांवर अडलेलं पाणी

1 जुलै 2014. जून कोरडा गेलेला, पावसाची वाट पाहून सगळे कंटाळलेले. मी मात्र दुपारी साडेतीनच्या सुमारास पडदे ओढून लॅपटॉपवर प्रक्षेपणाचं थेट प्रक्षेपण बघत होतो (मराठीत दोन्हीला शब्द एकच!). कॅलिफोर्नियातल्या व्हँडनबर्ग तळावर तेव्हा पहाटेचे तीन वाजत आलेले. झोतात उभं डेल्टा-2 रॉकेट, आणि त्याच्या टोकाशी ओसीओ-2, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला नासानं बनवलेला उपग्रह. उलटी गणती 46 सेकंदांवर आली आणि थांबली.

रॉकेट ठणठणीत, उपग्रहही. घोटाळा पाण्याचा होता.

इंजिन पेटल्यावर आवाज एवढा प्रचंड असतो की त्याच्या हादऱ्यानंच वरची नाजूक यंत्रं बिघडू शकतात. म्हणून ऐन वेळी तळावर पाण्याचे लोंढे सोडतात. आवाजाचा जोर पाणी गिळून टाकतं. त्यातला एक व्हॉल्व्ह नीट उघडेना. थोड्याच वेळापूर्वीच्या चाचणीत तो गुणी बाळासारखा वागला होता. सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह घरात पाहुणे भरलेले असतानाच दगा देतो, त्यातलाच प्रकार.

मग दुरुस्त करून तासाभरानं का नाही सोडायचं? कारण ओसीओ-2ला गाडी पकडायची होती. नावही तसंच, ए-ट्रेन. 705 किलोमीटर उंचीवरून काही उपग्रह थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतरानं एकामागोमाग जातात आणि दुपारी दीडच्या सुमारास विषुववृत्त ओलांडतात. ओसीओ-2ची जागा सर्वांत पुढे. शेपटाला तेव्हा ऑरा होता, 2004 सालापासून ओझोन आणि धुराड्यांतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड मोजणारा. पृथ्वी फिरत असल्यामुळे तळ या वाटेखाली नेमका येतो तो क्षणभरच. म्हणून मुहूर्त अवघ्या 30 सेकंदांचा. हुकला की थेट उद्या.

रातोरात व्हॉल्व्ह बदलला. दुसऱ्या दिवशी आमच्या 3 वाजून 26 मिनिटांनी रॉकेट उठलं आणि दक्षिणेला समुद्रावर वळलं. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. फेब्रुवारी 2009मध्ये याचाच थोरला भाऊ, पहिला ओसीओ, उडाला होता. टोरस रॉकेटच्या टोकावरचं आवरण सुटलंच नाही, त्या ओझ्यानं वेग कमी पडला आणि सगळं अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात गेलं. 2011मध्ये ग्लोरी उपग्रहाचीही हीच गत झाली. म्हणून या वेळी रॉकेटच बदललं होतं. आवरण सुटलं तेव्हा कुठे मी चहा टाकायला उठलो. 56 मिनिटांनी उपग्रह मोकळा झाला.

त्याचं काम वाण्याच्या तराजूपेक्षा बारीक. कार्बन डायऑक्साइड सूर्यप्रकाशातल्या ठरावीक लहरी शोषतो. जमिनीवरून परतलेल्या उजेडात त्या किती कमी भरल्या, यावरून हिशेब मांडायचा. तेव्हा हवेच्या दर 10 लाख रेणूंत त्याचे 400च्या आसपास होते. त्यात एखाद्या रेणूचा फरक टिपायचा. दिवसाला सुमारे 10 लाख नोंदी होतात, पण ढग आडवा आला की नोंद बाद.

3 ऑगस्टला तो रांगेत शिरला. तोवर आमच्याकडे एकदाचा पाऊस लागला होता. आमच्या डोक्यावरून जाताना त्याला बहुतेक ढगांची पाठच दिसली असणार.