बिनहाडाचे रोबो

मोटारींच्या कारखान्यातला रोबो दिवसभर न चुकता पोलादी दारे बसवतो, पण त्याच्या पकडीत पिकलेला टोमॅटो दिला तर लगदा होतो. किती जोर लावायचा हे कळण्यासाठी त्याला संवेदक, कॅमेरे आणि अखंड आकडेमोड लागते. मऊ रोबोमध्ये यातले बरेचसे काम शरीरच करते.

सिलिकॉन रबराच्या बोटात हवेच्या कप्प्यांची रांग असते आणि एका बाजूला न ताणणारे कापड चिकटवलेले असते. हवा भरली की दुसरी बाजू ताणते, बोट कापडाकडे वळते आणि वस्तूला विळखा घालते. वस्तूचा आकार आधी मोजावा लागत नाही. २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तर बोटेही वगळली. कॉफीच्या पुडीने भरलेला फुगा वस्तूवर दाबायचा आणि आतली हवा शोषून घ्यायची. कण एकमेकांत अडकतात, फुगा कडक होतो आणि वस्तू उचलली जाते.

हार्वर्ड विद्यापीठाचा २०१६ मधला ‘ऑक्टोबॉट’ नखशिखान्त मऊ होता. हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्लॅटिनमच्या साहाय्याने विघटन होऊन निघणारा ऑक्सिजन त्याच्या भुजा फुगवी, आणि कोणत्या भुजांची पाळी हे सूक्ष्म नलिकांचे जाळे ठरवी. भुजा हलवण्यापलीकडे त्याला काही येत नव्हते, हेही खरे.

मऊपणाचा खरा कस खोल समुद्रात लागला. मारियाना गर्तेत पाण्याचा दाब समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो. पाणबुडी त्याला जाड कवचाने तोंड देते. चीनच्या झेजियांग विद्यापीठातील चमूने मात्र तिथल्या स्नेलफिश माशाची कवटी पूर्ण हाडांची नसते, हे हेरले. त्यांनी आपल्या मऊ रोबोचे इलेक्ट्रॉनिक भाग एका जागी न ठेवता सुटे सुटे करून सिलिकॉनमध्ये बसवले, त्यामुळे भागांच्या सांध्यांवरचा ताण घटला. विजेच्या उच्च दाबाखाली पसरणारे रबर पंख हलवी. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, १०,९०० मीटरवर यानाला जोडलेल्या अवस्थेत या २२ सेंटिमीटर लांबीच्या रोबोने पंख हलवले. मोकळा पोहला तो दक्षिण चीन समुद्रात, ३,२२४ मीटरवर, सेकंदाला जेमतेम ५ सेंटिमीटर वेगाने.

अडचण ऊर्जेची आहे. हवेवर चालणाऱ्या बहुतेक मऊ हातांना पंप, झडपा आणि नळ्या लागतात, आणि ते सारे कडकच असते. विजेवर चालणाऱ्या रबराला हजारो व्होल्ट हवेत. शिवाय पातळ सिलिकॉनला भोक पडले की हवा निसटते.